पीटर फॉक आणि त्याचा लेफ्टनंट कोलंबो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मालिकांचा विषय निघाला की मी कोलंबोवर घसरतो, आणि मग समोरच्याची सुटका नसते. ऐकणारे मात्र दर वेळी तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतोय. एका उत्तरात एका भागाचा शेवट फोडला आहे. तिथे आधी सावध केलंय, नंतर माझ्या नावाने ओरडू नका.

कोलंबो म्हणजे श्रीलंकेतलं?

नाही. हा लॉस एंजेलिस पोलिसांच्या खून तपास विभागातला लेफ्टनंट आहे, आडनाव इटालियन. पीटर फॉक या नटाने तो 1968 ते 2003 अशी पस्तीस वर्षं साकारला, अर्थात मधे मोठा खंड पडला होता.

फॉक मूळचा कुठला?

जन्म न्यूयॉर्क शहरातला, 16 सप्टेंबर 1927. वाढला त्याच राज्यातल्या ऑसिनिंग या गावात. ज्या गावात सिंग सिंग तुरुंग आहे तेच हे गाव. घर ज्यू, वडिलांचं कापडचोपडाचं दुकान. पूर्वज पूर्व युरोपातून आलेले. कोलंबोतला इटालियनपणा त्यामुळे सगळा नटाचा, रक्तातला नाही.

त्याचा एक डोळा काचेचा होता, हे खरं?

खरं. तीन वर्षांचा असताना डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग निघाला आणि उजवा डोळा काढावा लागला. पुढे आयुष्यभर काचेचा डोळा. कोलंबो समोरच्याकडे जरा तिरकं, डोळा बारीक करून बघतो, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. डोकं किंचित वळवून बघायची सवय फॉकची स्वतःची होती, ती त्याने पात्राला देऊन टाकली.

लहानपणी लाजायचा म्हणे, पण शाळेत खेळाडू म्हणून नाव झालं आणि लाज गेली. एक किस्सा तो स्वतःच रंगवून सांगायचा. बेसबॉलच्या सामन्यात पंचाने त्याला चुकीचं बाद दिलं, तर याने काचेचा डोळा काढून पंचापुढे धरला : घ्या, तुम्हालाच जास्त गरज आहे.

मालिकेत या डोळ्याचा उल्लेख जवळपास नाहीच. 1997 सालच्या एका भागात कोलंबो कुणालातरी सोबत चल म्हणतो आणि बोलता बोलता म्हणून जातो की एका डोळ्यापेक्षा तीन बरे. माहीत नसेल तर वाक्य कानाआड जातं, माहीत असेल तर हसू येतं.

नट होण्याआधी तो काय करायचा?

खरं तर सगळ्यात मजेशीर भाग हाच, आणि लोक नेमका हाच विचारत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सैन्यात जायला गेला तर डोळ्यामुळे परत पाठवलं. मग व्यापारी जहाजावर स्वयंपाकी आणि वाढप्या म्हणून चढला. तिथे डोळ्यांची फिकीर कुणाला नव्हती. जहाजावर दिसायला लागतं ते फक्त कप्तानाला, आणि टायटॅनिकच्या कप्तानालाही फार काही दिसत नव्हतं, असं तो म्हणायचा. परत आल्यावर इकडचं कॉलेज, तिकडचं कॉलेज, मधेच युरोपची भटकंती, युगोस्लाव्हियात रेल्वेच्या रुळांवर काही महिने मजुरी. न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधून 1951 मध्ये साहित्य आणि राज्यशास्त्रात पदवी, आणि 1953 मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून चक्क लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी. म्हणजे आपल्याकडे ज्या विषयाची पुस्तकं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये रचलेली असतात, तो विषय.

त्यानंतर त्याने सीआयएकडे अर्ज केला. नाकारला गेला. कारण जहाजावर असताना तो खलाशी स्वयंपाक्यांच्या संघटनेचा सभासद होता, आणि त्या काळच्या अमेरिकेत ती संघटना डावी म्हणून बदनाम होती. सभासदत्वाशिवाय जहाजावर काम मिळत नव्हतं, हे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी लागला कुठे, तर कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात, हार्टफर्ड शहरात. पद : कार्यक्षमता तज्ज्ञ. सरकारी खात्यांचं काम कमी वेळात, कमी खर्चात कसं होईल हे सांगायचं. आणि हा कार्यक्षमता तज्ज्ञ पहिल्याच दिवशी ऑफिसची इमारत न सापडल्यामुळे कामावर उशिरा पोहोचला. मी कसला तज्ज्ञ होतो ते यावरून ओळखा, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलंय. आपण त्या काळी सगळीकडे उशिराच पोहोचायचो, हेही कबूल केलंय.

माझं असं पक्कं मत आहे की कोलंबो या हार्टफर्डच्या ऑफिसात जन्मला. कागद सापडत नाही म्हणून खिसे चाचपणारा, पेन्सिल कुणाकडून तरी मागून घेणारा, साहेबाच्या दारात घुटमळणारा माणूस ज्याने रोज पाहिला असेल, त्यालाच तो असा उभा करता येतो. लेखकांनी कागदावर पोलीस दिला होता, फॉकने त्यात कारकून घातला.

मग नोकरी सोडली कशी?

उशिरा पोहोचण्यामुळेच!

हार्टफर्डला असताना तो संध्याकाळी हौशी नाटकमंडळीत काम करायचा. मार्क ट्वेन मास्कर्स असं त्या मंडळीचं नाव. पुढे कळलं की वेस्टपोर्टला इव्हा ल गॅलिएन या मोठ्या अभिनेत्री वर्ग घेतात, पण फक्त व्यावसायिक नटांसाठी. फॉकने आपण व्यावसायिक आहोत असं ठोकून दिलं आणि वर्गात शिरला. दर आठवड्याला ऑफिस सुटल्यावर हार्टफर्डहून गाडी हाणत यायचा आणि दर आठवड्याला उशीर व्हायचा. एक दिवस बाईंनी विचारलं, रोज उशीर का? म्हणाला, हार्टफर्डहून येतो. बाई म्हणाल्या, हार्टफर्डला कुठलं नाटक चालतं? तिथे नट म्हणून पोट कसं भरतोस? मग सुटका नव्हती. कबूल केलं की मी नट नाही. बाईंनी एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, मग व्हायला हवं होतंस.

तो हार्टफर्डला परत गेला आणि राजीनामा देऊन टाकला. वय अठ्ठावीस-एकोणतीस. या वयात आपल्याकडे मुलगा सरकारी नोकरी सोडतो म्हणाला तर घरी काय होईल, ते सांगायला नको.

न्यूयॉर्कमध्ये पहिलं व्यावसायिक नाटक मोलिएरचं, ते एका रात्रीत बंद पडलं. पण त्याच वर्षी, 1956 मध्ये, युजीन ओनीलच्या गाजलेल्या पुनरुज्जीवित नाटकात दारूच्या गुत्त्यातला बारमन मिळाला. मुख्य भूमिकेत जेसन रोबार्ड्स. तिथून गाडी रुळावर आली.

हॉलिवूडने लगेच घेतलं का?

लगेच हाकललं. एजंटने आधीच सांगून ठेवलं होतं की डोळ्यामुळे सिनेमात फार आशा ठेवू नको. कोलंबिया स्टुडिओत स्क्रीन टेस्ट झाली. तिथला सर्वेसर्वा हॅरी कोन म्हणाला, तेवढ्याच पैशात मला दोन डोळ्यांचा नट मिळतो.

पण 1960 मध्ये 'मर्डर, इंक.' हा गुन्हेगारीपट आला. त्यात फॉकने एब रेलेस नावाच्या, खरोखर होऊन गेलेल्या भाडोत्री मारेकऱ्याची भूमिका केली आणि थेट ऑस्करचं सहायक अभिनेत्याचं नामांकन मिळालं. पुढच्याच वर्षी फ्रँक काप्राच्या सिनेमासाठी पुन्हा नामांकन. दोन्ही वेळा पुरस्कार दुसऱ्याला गेला. पहिल्या वेळी नाव पुकारलं गेलं 'पीटर...', हा खुर्चीतून अर्धा उठला, आणि पुढे 'युस्टिनॉव्ह' आलं. खाली बसता बसता शेजारच्या प्रसिद्धी सल्लागाराला म्हणाला, तुझी नोकरी गेली. हा किस्साही अर्थात त्याच्याच तोंडचा.

टीव्हीवर मात्र 1962 मध्ये एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मानाचा पुरस्कार, मिळालं, टोमॅटो वाहून नेणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या भूमिकेसाठी. एकाच वर्षात ऑस्कर आणि एमी दोन्हींचं नामांकन मिळवणारा तो पहिला नट, आणि हे त्याला लागोपाठ दोनदा जमलं.

कोलंबो त्याच्यासाठीच लिहिला होता का?

अजिबात नाही. तो तर रांगेत बराच मागे होता.

पात्र रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या शाळेपासूनच्या मित्रांचं. 1960 मध्ये एका तासाच्या टीव्ही नाटिकेत बर्ट फ्रीड या नटाने पहिला कोलंबो केला. त्यावरून रंगमंचावरचं नाटक झालं, त्यात थॉमस मिचेल. मिचेल 1962 च्या डिसेंबरात गेले. नाटकाचा टीव्ही चित्रपट करायचं ठरलं तेव्हा आधी ली जे. कॉब यांचा विचार झाला, ते मोकळे नव्हते. मग बिंग क्रॉसबी यांना विचारलं, त्यांनी नकार दिला. ते गोल्फमध्ये रमले होते. लेखकांच्या डोक्यात माणूस वयस्कर होता, आणि फॉक चाळिशीचा. पण संहिता त्याच्या हाती लागली आणि त्याने भूमिका मागूनच घेतली.

हा पहिला चित्रपट 20 फेब्रुवारी 1968 रोजी एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर लागला. आज पाहिला तर कोलंबो जरा नीटनेटका वाटतो. केस विंचरलेले, आवाजात धार. विसरभोळेपणाची लय अजून मुरायची आहे. दुसरा नमुना चित्रपट 1971 च्या मार्चमध्ये आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून मालिका.

खुनी पहिल्या पंधरा मिनिटांत दाखवतात. मग पुढे बघायचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलेला आहे, तेव्हा जरा सविस्तर.

कोलंबोत 'खून कोणी केला' हा प्रश्नच नसतो. खून डोळ्यांदेखत होतो. कसा केला, पुरावा कसा पुसला, बहाणा कसा रचला, सगळं आपल्याला ठाऊक. कोलंबो बऱ्याचदा वीसेक मिनिटांनी उगवतो. म्हणजे पात्रही उशिराच येणारं! त्यानंतरचा सगळा खेळ दोन माणसांचा. एक श्रीमंत, हुशार, स्वतःच्या हुशारीवर खूश. शल्यविशारद, वाद्यवृंदाचा संचालक, कलासमीक्षक, लेखक, बुद्धिबळपटू असा कुणीतरी. दुसरा चुरगळलेल्या कोटातला, हातात विझत आलेली सिगार. पहिल्याला वाटतं याला दोन मिनिटांत वाटेला लावू. आपल्याला माहीत असतं की नाही लावता येणार. मौज आहे ती पहिल्याच्या चेहऱ्यावर हे हळूहळू उमटताना बघण्यात.

उदाहरण देतो. पुढचा परिच्छेद 1971 च्या 'सूटेबल फॉर फ्रेमिंग' या भागाचा शेवट सांगतो, नको असेल तर सोडा.

एक कलासमीक्षक चित्रांसाठी काकाचा खून करतो आणि चोरीची चित्रं काकूच्या घरात ठेवून तिला अडकवतो. तपासाच्या दरम्यान एकदा तो ही चित्रं घेऊन आपल्या घरी शिरत असताना कोलंबो तिथे ठाण मांडून बसलेला असतो, आणि उगाच लुडबुड केल्यासारखा हात घालून बघतो. समीक्षक झटकन चित्रं बाजूला ओढतो. शेवटी काकूच्या घरात चित्रं सापडतात. कोलंबो म्हणतो, बोटांचे ठसे घ्या. समीक्षक हसतो, ठसे काकूचेच असणार. कोलंबो म्हणतो, मी तिचे शोधत नाही, माझे शोधतोय. आणि ठसे सापडतात. समीक्षक ओरडतो : खोटं आहे, याने आत्ता इथे हात लावला असणार! तेव्हा कोलंबो सबंध वेळ रेनकोटाच्या खिशात असलेले हात हळूच बाहेर काढतो. दोन्ही हातांत हातमोजे. वाक्य नाही, भाषण नाही. भाग संपतो.

मी हा भाग चार वेळा पाहिलाय. दर वेळी हात खिशात आहेत हे माहीत असूनही त्यांच्याकडे बघायचं विसरतो.

तो रेनकोट स्टुडिओचा होता की त्याचा स्वतःचा?

स्वतःचा. फॉक सांगायचा त्याप्रमाणे 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या 57 व्या रस्त्यावर पावसात सापडला, समोरच्या दुकानात शिरला आणि पंधरा डॉलरला कोट घेतला. स्टुडिओने सुचवलेले कपडे पसंत पडेनात तेव्हा कपाटातून हाच काढला. लॉस एंजेलिसमध्ये पाऊस पडतो किती, हा प्रश्न बाजूला ठेवा. माझी आई पहिल्यांदा बघायला बसली तेव्हा पाचव्या मिनिटाला म्हणाली, 'याची बायको इस्त्री करून देत नाही वाटतं?' त्या कोटाचं याहून चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

गाडीही त्यानेच निवडली. स्टुडिओच्या आवारात बऱ्याच गाड्या दाखवल्या, एकही पटेना. कोपऱ्यात एका गाडीचं फक्त नाक दिसत होतं. रंग उडालेला, चाकात हवा नाही. ती 1959 ची प्यूजो 403, टपाची उघडझाप होणारी.

कुत्र्याला मात्र आधी त्याचा विरोध होता. कोट आहे, गाडी आहे, सिगार आहे, आणखी एक गंमत कशाला? मग आणलेला बॅसेट हाउंड त्याने पाहिला. सुस्त, लोंबते कान, जागचा हलायला तयार नाही. फॉक तिथेच विरघळला. कुत्र्याला मालिकेत नावच नाही, 'डॉग' म्हणतात.

'जाता जाता, अजून एक गोष्ट' हे कुठून आलं?

आळसातून. लेव्हिन्सन आणि लिंक यांचा नाटकातला एक प्रवेश लिहून झाला, कोलंबो निघून गेला, आणि मग लक्षात आलं की प्रवेश आखूड पडतोय, शिवाय एक प्रश्न विचारायचा राहिलाय. तो काळ टाइपरायटरचा. सगळं पान नव्याने बडवायचा कंटाळा. मग त्यांनी कोलंबोला दारातून परत आणलं : जाता जाता, अजून एक गोष्ट.

फॉकने त्याचं जे केलं ते बघण्यासारखं आहे. तो निघताना खरोखर निघतो. पाठ वळते, हात दाराच्या मुठीवर जातो, खुन्याचे खांदे सैल पडतात. मग एक थांबा. कपाळावर हात. कित्येकदा तो चित्रीकरणात संहितेबाहेरचं काहीतरी विचारायचा, पेन्सिल मागायचा, खिशातून भलताच कागद काढायचा. समोरच्या नटाला ठाऊक नसायचं. त्या नटाची खरीखुरी चिडचिड कॅमेऱ्यात यायची.

त्याची बायको खरंच आहे की थापा?

आहे. ती 'माझी मिसेस' म्हणून सतत बोलण्यात येते, दिसत एकदाही नाही. एनबीसीने 1979 मध्ये तिच्या नावाने वेगळी मालिका काढली, केट मलग्रूला घेऊन. पात्राच्या दोन्ही निर्मात्यांचा तिच्याशी संबंध नव्हता, फॉकलाही ती कल्पना रुचली नव्हती. मालिका चालली नाही. न दिसणाऱ्या माणसाला दाखवलं की तो संपतो, हे एखाद्या शाळकरी मुलानेही सांगितलं असतं.

कोलंबोचं पहिलं नाव काय?

मालिकेत कुणी उच्चारत नाही. पहिल्या वर्षीच्या 'डेड वेट' या भागात ओळखपत्र दिसतं, त्यावर चित्र थांबवून पाहिलं तर 'फ्रँक' वाचता येतं. इंटरनेटवर काही ठिकाणी 'फिलिप' सापडेल. ते साफ खोटं, आणि मुद्दाम पेरलेलं. सामान्य ज्ञानाचा कोश लिहिणाऱ्या एकाने आपली माहिती कोण चोरतो हे पकडायला ते नाव घुसवलं होतं. ते 'ट्रिव्हियल पर्सूट' या खेळात जसंच्या तसं आलं. त्याने 1984 मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा लावला. सापळ्यात मासा अडकला, पण न्यायालयात हरला, कारण माहितीवर मालकी सांगता येत नाही.

पहिला भाग स्पीलबर्गने केला, हे खरं?

मालिका म्हणून लागलेला पहिला भाग, हो. 15 सप्टेंबर 1971. स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि 'जॉज' अजून चार वर्षं दूर होता. पटकथा स्टीव्हन बोचकोची, जो पुढे स्वतः टीव्हीचा बडा निर्माता झाला. सुरुवातीला रस्त्यावरून एक गाडी येतेय, आणि आवाज गाडीचा नाही, शहराचा नाही, नुसता टाइपरायटरचा. एक लेखक वरच्या मजल्यावर टंकतोय, खाली त्याचा जोडीदार त्याला मारायला येतोय.

याच भागात कोलंबो मृताच्या बायकोला घरी सोडतो आणि तिच्या स्वयंपाकघरात तिला ऑम्लेट करून घालतो. अंडी फोडता फोडता चौकशी. जहाजावरचा स्वयंपाकी तिथे मला दिसतो, लेखकाच्या मनात तसं काही असो वा नसो.

एकूण भाग किती, पुरस्कार किती?

भाग 69, प्रत्येक जवळपास चित्रपटाएवढा. 1978 पर्यंत एनबीसीवर 45, मग 1989 ते 2003 एबीसीवर 24. पहिल्या काळात दर आठवड्याला लागत नसे, इतर मालिकांबरोबर पाळीपाळीने लागे, म्हणूनच निगुतीने झाला. एमी पाच : टोमॅटोवाल्या भूमिकेचं एक, कोलंबोची चार (1972, 1975, 1976, 1990). 'ब्लूप्रिंट फॉर मर्डर' हा भाग त्याने स्वतः दिग्दर्शित केला.

दुसऱ्या काळातले भाग, खरं सांगायचं तर, पहिल्याच्या पासंगाला पुरत नाहीत. लांबण लागलेली, आणि कोलंबो कधी कधी स्वतःचीच नक्कल करतो. अपवाद आहेत. 1990 सालचा पॅट्रिक मॅकगूहानचा 'अजेंडा फॉर मर्डर' जरूर पाहा.

तो स्टुडिओशी पैशांवरून भांडायचा म्हणे?

भांडायचा. सत्तरच्या दशकात टीव्हीवर सर्वाधिक मानधन घेणाऱ्यांत तो होता. चित्रीकरण लांबवायचा, पुनःपुन्हा टेक मागायचा, संहिता परत पाठवायचा. कोलंबो समोरच्याला नम्रपणे छळतो तसाच हा निर्मात्यांना छळायचा, नम्रपणा वगळून.

त्या पैशांचं त्याने काय केलं तेही बघा. मित्र जॉन कॅसाव्हेटीस स्वतंत्रपणे सिनेमे काढायचा, स्टुडिओ पैसे देत नसत. 1974 च्या 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'साठी कॅसाव्हेटीसने घर गहाण टाकलं आणि फॉकने खिशातले पैसे घातले. त्यात तो बांधकाम मजुरांचा मुकादम आहे, मनाने ढासळत चाललेल्या बायकोचा नवरा. बायको जीना रोलँड्स. तिच्यावर प्रेम आहे आणि तिला कसं सांभाळायचं ते कळत नाही, म्हणून ओरडतो, हात उगारतो. कोलंबो आवडला म्हणून हा सिनेमा लावाल तर हादराल. नट म्हणून त्याचं सगळ्यात मोठं काम कुठलं विचाराल तर माझं उत्तर हेच, कोलंबो नव्हे.

आणखी काय पाहावं?

विनोदी हवा असेल तर 1979 चा 'द इन-लॉज'. मुलांसोबत बसायचं असेल तर 1987 चा 'द प्रिन्सेस ब्राइड', त्यात तो आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा आहे. आणि त्याच वर्षीचा विम वेंडर्सचा 'विंग्ज ऑफ डिझायर'. बर्लिनच्या भिंतीच्या काळातला हा बराचसा कृष्णधवल सिनेमा, देवदूत शहरावरून हिंडतायत, आणि फॉक त्यात पीटर फॉकच आहे, चित्रीकरणासाठी आलेला अमेरिकन नट. रस्त्यातली पोरं कुजबुजतात, कोलंबो आहे का रे हा? छे, असला गबाळा कोट घालून? कॉफीच्या टपरीपाशी तो न दिसणाऱ्या देवदूताशी बोलतो : तू दिसत नाहीस, पण आहेस हे कळतंय. थंडीत हात चोळण्यात किती सुख आहे ते त्याला समजावतो, आणि हवेत हात पुढे करतो.

कोलंबो कधी खरंच चिडतो का?

क्वचित. 1973 च्या 'अ स्टिच इन क्राइम'मध्ये लिओनार्ड निमोय थंड डोक्याचा सर्जन आहे. तो कोलंबोच्या तोंडावर हसतो. तेव्हा टेबलावर भांडं आदळतं आणि गबाळेपणा एका क्षणात गळून पडतो. बंदूक मात्र तो बाळगतच नाही.

अमेरिकेबाहेरही इतका लोकप्रिय होता?

जपान, जर्मनी, फ्रान्स, इटली, सगळीकडे. हंगेरीत तर बुडापेस्टच्या फाल्क मिक्शा रस्त्याच्या तोंडाशी 2014 पासून त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे, पायाशी कुत्रा. रस्ता एकोणिसाव्या शतकातल्या त्याच आडनावाच्या हंगेरियन राजकारण्याचा. दोघांचं नातं असल्याची वदंता आहे, सिद्ध काही झालेलं नाही. पुतळ्याला तेवढं पुरलं.

घरचं आयुष्य?

सिरॅक्यूजला शिकताना भेटलेल्या अ‍ॅलिस मेयोशी 1960 मध्ये लग्न, दोन दत्तक मुली, 1976 मध्ये घटस्फोट. 1977 मध्ये अभिनेत्री शेरा डनीसशी लग्न, ते शेवटपर्यंत. शेरा कोलंबोच्या सहा भागांत आहे, दर वेळी वेगळ्या भूमिकेत. फावल्या वेळात फॉक कोळशाने चित्रं काढायचा, आणि चांगली काढायचा. बरीचशी माणसांची.

शेवटचे दिवस कसे गेले?

वाईट. 2008 मध्ये तो बेव्हर्ली हिल्सच्या रस्त्यावर गोंधळलेल्या अवस्थेत सापडला. अल्झायमर. पुढच्या वर्षी, त्याचं पालकत्व कुणाकडे असावं या खटल्यात डॉक्टरांनी न्यायालयाला सांगितलं की त्याला आता कोलंबोही आठवत नाही. पालकत्व शेराकडे गेलं. 23 जून 2011 रोजी तो गेला, वय 83. मुलगी कॅथरीन हिने नंतर, अशा आजारी माणसांना भेटण्याचा मुलांचा हक्क कायद्यात यावा म्हणून मोहीम चालवली. न्यूयॉर्कसह काही राज्यांत तसा कायदा झाला, तो फॉकच्याच नावाने ओळखला जातो.

सुरुवात कुठून करू?

1968 च्या पहिल्यापासून नको. आधी स्पीलबर्गचा 'मर्डर बाय द बुक'. मग 1973 चा 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म'. डोनाल्ड प्लेझन्स त्यात वाइनवर जीव टाकणारा खुनी आहे आणि कोलंबोला तो मनापासून आवडतो. याच भागात फॉक फोनवर थांबलेला असताना एक बालगीत गुणगुणतो, संहितेत नसलेलं, आणि ते पुढे मालिकेची खूणच होऊन बसलं. त्यानंतर गायक जॉनी कॅश असलेला 'स्वान सॉन्ग'. 'सूटेबल फॉर फ्रेमिंग' वर वाचून झाला असेल तर महिनाभराने पाहा, विसरल्यावर.

आणि जेवणं आधी उरकून घ्या. पहिली दहा मिनिटं ताटं उचलण्यात गेली तर खून हुकतो, आणि मग पुढचा दीड तास शेजारच्याला विचारत बसावं लागतं.